इन्स्टॉलरमध्ये प्रीरिक्विझिट कसे भरायचे: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

विंडोजवर चालणारं सॉफ्टवेअर लिहून तयार होतं आणि गिऱ्हाइकाच्या संगणकावर सेटअप चालवला की रडगाणं सुरू होतं. त्या टप्प्यावर पुन्हा पुन्हा विचारले जाणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. सुरुवातीचे प्रश्न नवख्यांसाठी आहेत, पुढचे अडचणीच्या जागांचे. ज्याला जो हवा त्याने तो वाचावा. एका उत्तरात आलेली गोष्ट दुसऱ्यात पुन्हा सांगितलेली नाही, फक्त प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. प्रीरिक्विझिट म्हणजे नेमकं काय? माझ्या मशिनवर तर प्रोग्राम व्यवस्थित चालतो.

तुमच्या मशिनवर चालतो, कारण व्हिज्युअल स्टुडिओ बसवताना त्याने सगळी रनटाइम (प्रोग्राम चालताना लागणारे तयार भाग) गुपचूप आणून ठेवली आहेत. गिऱ्हाइकाकडे व्हिज्युअल स्टुडिओ नसतो. तिथे 'व्हीसीरनटाइम१४० डीएलएल सापडत नाही' असा चौकोन येतो, नाहीतर आयकॉनवर डबल क्लिक करून काहीच घडत नाही.

तुमचा प्रोग्राम ज्यावर उभा आहे, पण जे तुम्ही लिहिलेलं नाही, ते सगळं प्रीरिक्विझिट. नेहमी भेटणारे म्हणजे व्हिज्युअल सी++ रीडिस्ट्रिब्युटेबल (सी++ चं रनटाइम बसवणारं पॅकेज), डॉटनेट फ्रेमवर्क किंवा नवं डॉटनेट (५ आणि पुढचं) रनटाइम, वेबव्ह्यू२ (प्रोग्रामच्या आत वेबपान दाखवणारा घटक), डेटाबेससाठी एसक्यूएल सर्व्हर एक्स्प्रेस किंवा त्याचं छोटं भावंड लोकलडीबी, आणि अधूनमधून एखादा प्रिंटरचा किंवा डोंगलचा (परवान्यासाठी संगणकाला लावायच्या किल्लीचा) ड्रायव्हर.

२. मग लागणाऱ्या डीएलएल फाइल्स (प्रोग्राम वापरतो तो तयार कोड असलेल्या) सरळ माझ्या फोल्डरात कॉपी केल्या तर?

व्हिज्युअल सी++ च्या बाबतीत हे चालतं आणि मायक्रोसॉफ्टची त्याला परवानगीही आहे. त्या डीएलएल तुमच्या एक्झीशेजारी ठेवायच्या, अ‍ॅडमिन हक्कांची गरजही लागत नाही. तोटा असा की विंडोज अपडेट त्या फाइल्सना हात लावत नाही. उद्या रनटाइममध्ये सुरक्षेचं छिद्र सापडलं, तर नवी डीएलएल पोचवण्याची जबाबदारी तुमची. आवृत्त्या नियमित काढणार असाल तर ठीक आहे. एकदा विकून विसरून जाणार असाल तर रीडिस्ट्रिब्युटेबलच बसवा.

डॉटनेट फ्रेमवर्क असं कॉपी करून चालतच नाही. आणि काहीही झालं तरी सिस्टम३२ मध्ये स्वतःच्या हाताने डीएलएल टाकू नका. कुठल्यातरी 'फुकट डीएलएल' वाल्या साइटवरून उतरवलेली तर नाहीच नाही.

३. माझा सेटअप एमएसआय (विंडोज इन्स्टॉलरचं पॅकेज) आहे. त्याच्या आतून दुसरा एमएसआय का चालवता येत नाही?

कारण विंडोज इन्स्टॉलर एका वेळी एकच इन्स्टॉलेशन होऊ देतो. एक एमएसआय फाइल्स टाकण्याच्या टप्प्यात असताना पूर्ण यंत्रणेवर एक कुलूप लागतं. त्या दरम्यान तुमच्या कस्टम अ‍ॅक्शनने (एमएसआयमध्ये तुम्ही जोडलेल्या पायरीने) दुसरा एमएसआय सुरू केला की तो १६१८ हा कोड देऊन परत येतो: 'दुसरं इन्स्टॉलेशन चालू आहे'. एक्झी चालवली तरी सुटका नाही, कारण बऱ्याच रीडिस्ट्रिब्युटेबल एक्झींच्या पोटात एमएसआयच असतो.

पूर्वी 'नेस्टेड इन्स्टॉलेशन' नावाची एक सोय होती, पण मायक्रोसॉफ्टने ती कधीच मोडीत काढली आहे. जुन्या पुस्तकांत ती दिसली तर पान उलटा.

मार्ग एकच. बाहेर एक छोटा प्रोग्राम ठेवायचा, तो एकेक पॅकेज रांगेने चालवेल आणि शेवटी तुमचा एमएसआय. ह्या बाहेरच्या प्रोग्रामला बूटस्ट्रॅपर किंवा चेनर म्हणतात.

४. बूटस्ट्रॅपर कोणता घेऊ? विक्स, इनो सेटअप, एनएसआयएस, की व्हिज्युअल स्टुडिओचाच?

तुमचा गाभा एमएसआय असेल तर विक्समधलं 'बर्न' घ्या. विक्स हा मायक्रोसॉफ्टने २००४ मध्ये मुक्त स्रोत म्हणून खुला केलेला पहिलाच प्रकल्प, आणि बर्न त्यात ३.६ आवृत्तीपासून आहे. बंडलमध्ये (बर्न बनवतो त्या एकत्र सेटअपमध्ये) 'चेन' लिहायची, तीत पॅकेजं क्रमाने मांडायची, बस. शिकायला वेळ लागतो, एक्सएमएलचा कंटाळा येतो, पण रीस्टार्टनंतर जिथे थांबलं तिथून पुढे जाणं, पॅकेजची कॅश, परवानगीचा एकच यूएसी प्रश्न ह्या गोष्टी तयार मिळतात.

एमएसआयची सक्ती नसेल तर इनो सेटअप. जॉर्डन रसेल यांनी १९९७ मध्ये आणलेलं हे साधन आजही छोट्या टीमसाठी माझी पहिली शिफारस आहे. एनएसआयएसही चांगलं आहे, फक्त त्याची स्क्रिप्ट वाचताना असेंब्लीची आठवण येते.

व्हिज्युअल स्टुडिओच्या सेटअप प्रोजेक्टमध्ये 'प्रीरिक्विझिट्स' असं बटण आहे. टिक केलेली पॅकेजं तो सेटअप एक्झीमार्फत आधी बसवतो. घरगुती कामाला पुरेसं आहे. अट इतकीच की तुम्हाला हवं ते पॅकेज त्या यादीत असलं पाहिजे. नसेल तर मॅनिफेस्टच्या दोन एक्सएमएल फाइल्स हाताने लिहाव्या लागतात, आणि तितका त्रास घ्यायचाच असेल तर तो बर्नसाठी घ्या.

५. सगळं आत भरून एकच मोठी फाइल द्यावी, की गरजेपुरतं डाउनलोड करू द्यावं?

गिऱ्हाईक कोण आहे ते पाहा. डॉटनेट फ्रेमवर्क ४.८ चा ऑफलाइन इन्स्टॉलर १०० एमबीच्या वर जातो, वेब इन्स्टॉलर दीड एमबीच्या आसपास. वेबव्ह्यू२ चंही तसंच: बूटस्ट्रॅपर साधारण २ एमबी, स्वतंत्र इन्स्टॉलर १०० एमबीहून मोठा. शहरातल्या ऑफिसात डाउनलोड परवडतं. तालुक्याच्या दूध संस्थेत, पतपेढीत किंवा कारखान्याच्या शॉप फ्लोअरवर जिथे संगणकाला मुद्दाम इंटरनेट दिलेलं नसतं, तिथे सेटअप अर्ध्यावर अडकतो आणि फोन तुम्हाला येतो. अशा ठिकाणी पेनड्राइव्हवर मावणारी एकच मोठी फाइल शंभरदा बरी.

मधला मार्ग म्हणजे लहान आणि हमखास लागणारं आत भरायचं, मोठं आणि क्वचित लागणारं डाउनलोडला ठेवायचं. सी++ चं पॅकेज पंचवीस एमबीच्या आत-बाहेर असतं, ते आतच असू द्या. डॉटनेट फ्रेमवर्क ४.८ बहुतेक चालू विंडोज १० आणि ११ वर आधीच आहे, त्यामुळे ते डाउनलोडला ठेवलं तरी फार कमी जणांना लागेल.

डाउनलोड ठेवलंत तर उतरलेल्या फाइलचा हॅश (मजकुरावरून काढलेला ठसा) तपासल्याशिवाय ती चालवू नका. बर्न हे स्वतः करतो. इनो सेटअपमध्ये ६.१ पासून डाउनलोडची सोय अंगभूत आहे, तिथे हॅश द्यायची जागा रिकामी सोडता येते, पण सोडू नका.

आणखी एक: रीडिस्ट्रिब्युटेबल एक्झी आधीच दाबून बसवलेल्या असतात. त्यांना पुन्हा कॉम्प्रेस करून फाइल लहान होत नाही, फक्त बिल्डला वेळ लागतो.

६. घटक आधीपासून आहे की नाही, हे कसं ओळखायचं?

प्रत्येकाची खूण वेगळी आहे. 'कंट्रोल पॅनेलच्या यादीत नाव शोधणं' ही खूण नव्हे, कारण नावं आवृत्तीगणिक आणि भाषेगणिक बदलतात.

डॉटनेट फ्रेमवर्क ४.५ आणि पुढचं: रजिस्ट्रीत (विंडोजच्या सेटिंग्जच्या साठ्यात) एचकेएलएम ह्या पूर्ण मशिनच्या शाखेखाली सॉफ्टवेअर, मायक्रोसॉफ्ट, 'नेट फ्रेमवर्क सेटअप', एनडीपी, व्ही४, फुल अशी वाट चाला. तिथल्या 'रिलीज' ह्या आकड्यावरून आवृत्ती कळते. ४.७.२ साठी किमान ४६१८०८, ४.८ साठी किमान ५२८०४०. इथे 'बरोबर इतकाच' अशी तुलना करू नका, 'इतका किंवा जास्त' अशी करा. ४.८ चा आकडा काही विंडोजवर ५२८०४० असतो, काहींवर ५२८०४९ किंवा आणखी मोठा, आणि ४.८.१ चा त्याहूनही मोठा. '=' लिहिणाऱ्यांचा सेटअप नव्या मशिनवर नसलेली उणीव शोधत बसतो.

व्हिज्युअल सी++: मायक्रोसॉफ्टखाली व्हिज्युअलस्टुडिओ, १४.०, व्हीसी, रनटाइम्स, आणि त्याखाली ६४-बिट किंवा ३२-बिटची की. 'इन्स्टॉल्ड' १ आहे का बघा आणि आवृत्तीही बघा. २०१५, २०१७, २०१९ आणि २०२२ ही सगळी एकाच १४ व्या घराण्यातली, नवं असलं की जुन्याचं काम भागतं. २०१३ आणि त्याआधीची मात्र स्वतंत्र आहेत.

वेबव्ह्यू२: एजअपडेटच्या क्लायंट्समधली 'पीव्ही' ही व्हॅल्यू. ती की असूनही रिकामी किंवा ०.०.०.० असू शकते. त्याचा अर्थ घटक नाही. शोध एचकेएलएम आणि एचकेसीयू (चालू वापरकर्त्याची शाखा) दोन्हीकडे घ्या, कारण वेबव्ह्यू२ एकट्या वापरकर्त्यापुरतंही बसतं.

नव्या डॉटनेटची खूण वेगळीच अडचण करते, ती प्रश्न ७ मध्ये.

७. रजिस्ट्रीत की डोळ्यांना दिसते, पण माझा सेटअप 'सापडली नाही' म्हणतो. का?

तुमचा सेटअप ३२-बिट आहे. ६४-बिट विंडोजवर ३२-बिट प्रोग्रामने सॉफ्टवेअर शाखेत काही मागितलं, की विंडोज त्याला गुपचूप वॉव६४३२नोडमध्ये (३२-बिट प्रोग्रामसाठीच्या वेगळ्या शाखेत) नेते. तुम्ही रेजएडिटमध्ये एक जागा बघताय, सेटअप दुसरीच बघतोय. इनोमध्ये 'एचकेएलएम६४' वापरा, विक्स ३ मध्ये रजिस्ट्री शोधाला 'विन६४' हो करा.

गंमत अशी की काही वेळा उलटं लागतं. डॉटनेट ५ आणि पुढच्यांचा इन्स्टॉलर ६४-बिट रनटाइमची नोंददेखील ३२-बिटच्या शाखेत करतो. म्हणजे सगळीकडे डोळे झाकून ६४ लावलंत, तर इथे फसाल.

आणि रनटाइम निवडताना विंडोज किती बिटची आहे ते पाहू नका, तुमची एक्झी किती बिटची आहे ते पाहा. ३२-बिट प्रोग्रामला ६४-बिट विंडोजवरही ३२-बिटचंच सी++ रनटाइम लागतं.

८. गिऱ्हाइकाला दहा वेळा 'नेक्स्ट' दाबायला लागू नये म्हणून काय करू?

शांत बसणारे स्विच वापरा. सी++ ला '/इन्स्टॉल /क्वाएट /नोरिस्टार्ट', डॉटनेट फ्रेमवर्कला '/क्यू /नोरिस्टार्ट', वेबव्ह्यू२ ला '/सायलेंट /इन्स्टॉल', एमएसआयला '/क्यूएन'. प्रत्यक्षात हे अर्थातच रोमन लिपीत टंकायचे. 'नोरिस्टार्ट' विसरलात तर तुमचा सेटअप चालू असतानाच संगणक बंद होऊन चालू होऊ शकतो.

लोकलडीबीच्या एमएसआयला परवाना मान्य असल्याची एक लांबलचक प्रॉपर्टी 'येस' करून द्यावी लागते. ती नसेल तर शांतपणे काहीही न बसवता तो परत येतो.

पूर्ण शांततेचा एक तोटाही आहे. जुन्या हार्ड डिस्कवर डॉटनेट फ्रेमवर्क बसायला कित्येक मिनिटं लागतात. स्क्रीन हलत नाही म्हटल्यावर माणूस टास्क मॅनेजर उघडून सेटअप मारतो. 'डॉटनेट बसवत आहोत, थोडा वेळ लागेल' अशी ओळ तरी दाखवा, किंवा '/पॅसिव्ह' देऊन त्याचीच पट्टी दिसू द्या.

९. प्रीरिक्विझिट '०' सोडून दुसरंच काही परत देतो. ते अपयश समजायचं का?

नेहमीच नाही, आणि बहुतेक हातबनावटीचे सेटअप इथेच चुकतात.

३०१० म्हणजे यश, पण रीस्टार्ट बाकी आहे. १६४१ म्हणजे यश आणि रीस्टार्ट सुरूही झाला. १६३८ म्हणजे ह्या उत्पादनाची दुसरी आवृत्ती आधीच आहे. सी++ च्या बाबतीत ती सहसा तुमच्याहून नवी असते, म्हणजे आनंदच. हे तिन्ही 'पुढे चला' ह्या गटात टाका.

१६०२ म्हणजे माणसाने रद्द केलं. त्याला 'त्रुटी' म्हणून लाल अक्षरं दाखवू नका. १६१८ चं कारण प्रश्न ३ मध्ये आहे, पण ते बाहेरूनही येऊ शकतं. पाठीमागे विंडोज अपडेट काहीतरी बसवत असेल, तर जरा थांबून पुन्हा प्रयत्न करणं योग्य. १६०३ हे खरं अपयश आहे आणि त्यातून काहीच कळत नाही. लॉग वाचायला लागतो, प्रश्न १६ पाहा. डॉटनेट फ्रेमवर्कचा ५१०० म्हणजे ह्या विंडोजवर ही आवृत्ती बसतच नाही.

इनो सेटअप वापरणाऱ्यांना खास इशारा: 'रन' विभागात लिहिलेल्या एक्झीचा परतीचा कोड इनो बघतच नाही. प्रीरिक्विझिट आपटलं तरी सेटअप शेवटी हसरा चेहरा करून 'पूर्ण झालं' म्हणतो. शिवाय 'रन' विभाग तुमच्या फाइल्स टाकून झाल्यावर चालतो. म्हणून हे काम 'प्रिपेअरटूइन्स्टॉल' ह्या फंक्शनात करा: फाइल तात्पुरत्या फोल्डरात काढा, 'एक्झेक' ने चालवा, कोड तपासा, आणि अपयश असेल तर संदेश परत द्या. इनो तिथेच थांबतो, तुमची एकही फाइल पडलेली नसते. एनएसआयएसमध्ये 'एक्झेकवेट' ला दुसरा व्हेरिएबल द्या, कोड त्यात येतो.

१०. मध्येच रीस्टार्ट लागला तर उरलेलं काम कोण करणार?

बर्न करतो. तो रजिस्ट्रीत स्वतःची नोंद ठेवतो आणि पुन्हा लॉगिन झाल्यावर उरलेली चेन पुढे नेतो. इनोमध्ये 'प्रिपेअरटूइन्स्टॉल' ला 'रीस्टार्ट हवा' असं सांगता येतं, पण रीस्टार्टनंतर सेटअप पुन्हा सुरू व्हावा म्हणून रजिस्ट्रीत 'रनवन्स' ची (पुढच्या लॉगिनला एकदाच चालणारी) नोंद तुम्हालाच करावी लागते.

खरं सांगायचं तर ३०१० आला की लगेच रीस्टार्ट करायची गरज क्वचितच असते. बहुधा चालू असलेल्या एखाद्या प्रोग्रामने जुनी डीएलएल धरून ठेवलेली असते. पुढची पॅकेजं बसवून घ्या आणि शेवटी एकदाच विचारा. अपवाद म्हणजे पुढचं पॅकेज आधीच्यावर लगेच अवलंबून असणं, उदाहरणार्थ तुमची सर्व्हिस सेटअपमध्येच सुरू होत असेल तर.

११. अ‍ॅडमिन पासवर्ड नसलेल्या वापरकर्त्यालाही बसवता आलं पाहिजे. जमेल?

तुमचा प्रोग्राम वापरकर्त्याच्या फोल्डरात बसेल, पण सी++ रीडिस्ट्रिब्युटेबल आणि डॉटनेट फ्रेमवर्क पूर्ण मशिनसाठीच बसतात आणि अ‍ॅडमिन मागतात. त्यामुळे अशा वेळी प्रीरिक्विझिटच टाळा. सी++ च्या डीएलएल शेजारी ठेवा, नवं डॉटनेट असेल तर ते प्रोग्रामसोबतच भरा. अनुक्रमे प्रश्न २ आणि १३ पाहा.

१२. माझं सॉफ्टवेअर काढताना प्रीरिक्विझिटही काढू का?

नाही. तुम्ही बसवलेल्या सी++ वर उद्या दुसऱ्या कुणाचं अकाउंटिंगचं सॉफ्टवेअर उभं असेल, ते तुम्हाला कळायचा मार्ग नाही. बर्नमध्ये अशा पॅकेजवर 'पर्मनंट' लावा. डिस्कवर थोडी जागा अडली तरी चालेल.

अपवाद म्हणजे जे खरोखर फक्त तुमचंच आहे ते, जसं तुमच्या डोंगलचा ड्रायव्हर. आणि एसक्यूएल एक्स्प्रेस काढायचा मोह झाला तर त्यात गिऱ्हाइकाचा डेटा आहे हे आठवा.

१३. डॉटनेट ८ साठी रनटाइम बंडल करू, की 'सेल्फ-कंटेन्ड' (रनटाइम प्रोग्रामसोबतच भरलेला) बनवू?

माझं मत सेल्फ-कंटेन्डच्या बाजूने आहे, निदान तुमचा एकच प्रोग्राम असेल तर. फाइल मोठी होते, पण प्रीरिक्विझिटचा प्रश्नच मिटतो. पाच प्रोग्राम एकाच मशिनवर देत असाल तर सामाईक रनटाइम परवडतं. सामाईक रनटाइमला सुरक्षेचे पॅच वेगळे पोचतात, सेल्फ-कंटेन्डमध्ये तुम्हालाच नवी आवृत्ती काढावी लागते.

बंडल करणार असाल तर दोन खड्डे आहेत. विंडोज फॉर्म्स किंवा डब्ल्यूपीएफ असेल तर 'डेस्कटॉप रनटाइम' लागतं, नुसतं 'रनटाइम' पुरत नाही. दुसरं, मशिनवर डॉटनेट ९ आहे म्हणून ८ चा प्रोग्राम चालेल असं नाही. मूळ सेटिंगमध्ये तो मुख्य आवृत्ती ओलांडत नाही. फ्रेमवर्कच्या दिवसांतली 'नवं असलं की झालं' ही सवय इथे सोडा.

१४. डॉटनेट ३.५ चा इन्स्टॉलर आत भरला, तरी विंडोज १० वर तो इंटरनेटच मागतो.

विंडोज ८ पासून ३.५ हे विंडोजचंच एक फीचर आहे. ते बसवायचं नसतं, चालू करायचं असतं. विंडोज त्याच्या फाइल्स विंडोज अपडेटकडून मागते. ऑफलाइन हवं असेल तर त्याच विंडोज आवृत्तीच्या डिस्कवरच्या 'सोर्सेस' मधलं 'एसएक्सएस' फोल्डर डिझम ह्या आज्ञेला दाखवावं लागतं. 'त्याच आवृत्तीच्या' हे महत्त्वाचं, त्यामुळे हे सगळ्यांसाठी एकदाच बंडल करणं व्यवहारात जमत नाही. प्रोग्राम ४.८ वर नेता येत असेल तर न्या.

१५. वापरकर्त्याचं नाव देवनागरीत असेल तर सेटअप फुटतो. हे खरं आहे का?

खरं आहे, आणि आपल्याकडे हे जास्त दिसतं. विंडोजमध्ये खात्याचं नाव 'सुरेश' असं देवनागरीत दिलं की प्रोफाइलचा फोल्डरही देवनागरीत होतो, आणि टेम्प फोल्डर त्याच्याच आत असतो. तुमचा सेटअप प्रीरिक्विझिट तिथेच उलगडतो. सेटअप जुन्या, युनिकोड नसलेल्या साधनाने बनवला असेल तर पाथमध्ये प्रश्नचिन्हं येतात आणि फाइल सापडत नाही. पश्चिम युरोपातल्या भाषांना जुनी कोड पेज (युनिकोडच्या आधीचे अक्षरतक्ते) निदान आहेत. मराठी-हिंदीला विंडोजमध्ये तसं कोड पेज कधी नव्हतंच, ह्या भाषा फक्त युनिकोडमध्ये आहेत.

इनो सेटअप ६ पूर्णपणे युनिकोड आहे. एनएसआयएसमध्ये स्क्रिप्टच्या वर 'युनिकोड ट्रू' स्पष्ट लिहा.

ह्याच कारणाने एमएसआयच्या स्वतःच्या खिडक्या मराठीत करणं जिकिरीचं आहे. एमएसआयचा मजकूर कोड पेजवर चालतो आणि त्यात यूटीएफ-८ ला अधिकृत पाठिंबा नाही. मराठी सेटअप हवा असेल तर मराठी मजकूर बर्नच्या खिडकीत ठेवा आणि आतला एमएसआय शांतपणे चालवा.

१६. गिऱ्हाईक म्हणतं 'एरर आला', बाकी काही सांगत नाही. लॉग कुठे?

टेम्प फोल्डरात. बर्न तिथे बंडलचा एक आणि प्रत्येक पॅकेजचा एक लॉग ठेवतो. सी++ चे लॉग सहसा 'डीडी' ने सुरू होतात. नुसत्या एमएसआयला '/एल*व्ही' आणि फाइलचं नाव द्या. आत 'रिटर्न व्हॅल्यू ३' हे शब्द शोधा आणि त्याच्या वरच्या ओळी वाचा. इंग्रजीखेरीज दुसऱ्या भाषेच्या विंडोजवर हे शब्द वेगळे असू शकतात.

१७. कंपनीचा आयटी विभाग 'फक्त एमएसआय द्या' म्हणतो. मग बंडलचं काय?

ग्रुप पॉलिसी (कंपनीच्या सगळ्या संगणकांना एका जागेवरून हाताळायची विंडोजची सोय) एक्झी बसवत नाही, त्यामुळे त्यांची मागणी रास्त आहे. नुसता एमएसआय आणि लागणाऱ्या घटकांची आवृत्त्यांसकट यादी त्यांना वेगळी द्या. प्रीरिक्विझिट ते त्यांच्या पद्धतीने पोचवतील. एमएसआयमध्ये 'लाँच कंडिशन' मात्र ठेवा, म्हणजे घटक नसेल तर अर्धवट काही न बसता स्पष्ट संदेश येईल. त्या अटीत प्रश्न ६ मधल्याच खुणा वापरा.

१८. विंडोज ७ वर डॉटनेट ४.८ चा ऑफलाइन इन्स्टॉलर सर्टिफिकेटची तक्रार करतो.

इंटरनेट नसलेल्या मशिनवर मायक्रोसॉफ्टचं २०११ चं रूट सर्टिफिकेट पोचलेलं नसतं, म्हणून सही पडताळता येत नाही. ते सर्टिफिकेट आधी विश्वासार्ह रूटमध्ये टाका, मग इन्स्टॉलर चालतो. विंडोज ७ चा आधार १४ जानेवारी २०२० ला संपला, तरी वजनकाट्याला आणि जुन्या मशिनींना जोडलेले असे संगणक अजून भेटतात. सर्टिफिकेट टाकण्याचं काम सेटअपमध्ये दडवून करू नका, संगणकाच्या मालकाला सांगून करा.

१९. हे सगळं तपासायचं कुठे?

स्वतःच्या मशिनवर नाही, कारण प्रश्न १ मध्ये आहे. विंडोज १० किंवा ११ प्रो असेल तर विंडोज सँडबॉक्स चालू करा. दर वेळी कोरी विंडोज मिळते, बंद केलं की सगळं पुसलं जातं. रीस्टार्टचा रस्ता तपासायला हायपर-व्हीमधलं आभासी मशिन आणि त्याचा चेकपॉइंट (परत जाता येईल अशी जतन केलेली स्थिती) बरा.

किमान इतकं करून बघा: कोरं मशिन, नेट बंद असलेलं मशिन, तुमच्याहून नवं सी++ आधीच असलेलं मशिन, मराठी नावाचं खातं, आणि प्रीरिक्विझिट बसत असताना दाबलेलं 'कॅन्सल'. शेवटचं कुणीच करून बघत नाही, गिऱ्हाईक मात्र पहिल्याच दिवशी करतं.